गोळी सुरू झाल्यानंतर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते तालुक्याच्या गावातले डॉक्टर होते. शहरातल्या स्पेशालिस्टाला उशिरा उमगणारी एक गोष्ट अशा डॉक्टरला पहिल्या काही वर्षांतच कळते: सगळे पेशंट परत येत नाहीत. ज्याचं पोट दुखतं तो रात्री बारालाही दार वाजवतो. विंचू चावलेला येतो, पोर तापाने फणफणलं की आई येते. बीपीचा पेशंट मात्र एकदा येतो, महिन्याच्या गोळ्या नेतो आणि दिसेनासा होतो. दीड-दोन वर्षांनी त्याला चौघं उचलून आणतात. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, आणि सोबतची माणसं सांगतात, 'सकाळी उठला नि अंगावरून वारं गेलं.' मला आज त्या मधल्या दीड-दोन वर्षांबद्दल बोलायचं आहे. त्या काळात त्याच्या दारात कोण जातं, आणि जाणारीच्या हातात आपण काय देतो, एवढाच माझा विषय.

कोणती गोळी द्यायची हा प्रश्न कधीच सुटला आहे. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन ही सगळी जुनी, पारखलेली औषधं. जनऔषधी केंद्रात अॅम्लोडिपिनची गोळी रुपयाच्याही आत पडते. तरी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं एक ठोकताळा शिकवला जातो: बीपी वाढलेल्यांपैकी निम्म्यांना ते माहीत असतं, माहीत असलेल्यांपैकी निम्मे औषध घेतात, आणि घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचंच आटोक्यात राहतं. आठांत एक. आपल्या बऱ्याच खेड्यांत तर यातलं पहिलं 'निम्मे'सुद्धा गाठलं जात नाही.

रोग थोडाथोडका नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत, आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. गोवा सुखवस्तू, तिथे शुगर असणारच, असं कोणी म्हणेल. त्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, आणि २०१५ साली निष्कर्ष छापले. मलेरिया नाही, क्षय नाही, त्या गावांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा. दर सातांत एक मृत्यू त्याने झालेला. धान, जंगल आणि खर्रा यांच्या त्या मुलखात 'श्रीमंतांचा आजार' हा शब्दप्रयोग कोणाला ऐकवायचा?

गावातल्या बाईने आरोग्याचं काम करावं ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यात ठेवून पाहिलं. त्या रमल्या नाहीत, आणि गावानेही त्यांना आपलं मानलं नाही. मग गावांनीच आपापली बाई निवडून पाठवली. त्यांतल्या कितीतरी दलित, कितीतरी निरक्षर, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या, गावात जाऊन करायच्या, पुढच्या खेपेला येऊन अडलेलं विचारायच्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो बहुतेकांना आठवतो. त्याच्या आदल्या वर्षी आल्मा-आटाला प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला होता. जगाने ठराव केला, तोवर जामखेडच्या बायकांना ते काम अंगवळणी पडलं होतं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी घरच्या घरी नवजात बाळं वाचवली. त्याचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' ही गावातली आरोग्य कार्यकर्ती उभी राहिली. हजार लोकवस्तीमागे एक.

आशाताई बाळंतपण आणि लसीकरण यांसाठी नेमली गेली. त्या कामांना शेवट असतो. बाई बाळंत होते, पोराचे डोस पुरे होतात, वहीतलं पान उलटतं. बीपी-शुगरचं पान उलटत नाही. एकदा नाव चढलं की माणूस जाईपर्यंत ते तिथेच. या फरकाचा पुरेसा विचार न करताच आपण बीपी-शुगरचं कामही त्याच वहीत, त्याच बाईला देऊन टाकलं.

ती करते काय, ते जरा जवळून पाहू. तिशीवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा, त्याला सगळे 'सीबॅक' म्हणतात. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का, आणि कमरेचं माप. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर गेली, पुरुषाची ९० च्या वर, की गुण चढतात. एकूण गुण चारच्या वर गेले तर त्याला तपासणीला आधी पाठवायचं. कागदावर सोपं आहे. आता ती मोजपट्टी घेऊन एका दारात उभी आहे असं समजा. घरातली सून येते, सासू येते. पुरुष शेतावर किंवा एमआयडीसीत. संध्याकाळी सापडला तर तिने त्याच्या कमरेभोवती पट्टी कशी धरायची? ती गावचीच सून, तो नात्याने दीर लागतो. शहाण्या आशाताया पट्टी त्याच्या बायकोच्या हातात देतात आणि आकडा तेवढा वाचतात. दारूचा प्रश्न बापासमोर पोराला विचारला तर उत्तर एकच येतं. म्हणून तो प्रश्न ती ओसरीवर विचारत नाही, निघताना फाटकापाशी विचारते. ही अक्कल कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत नाही.

बीपी मोजण्याचं तसंच. नियमाने ते काम नर्सबाईचं किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं, पण काही ठिकाणी आशाताईच्या पिशवीतही डिजिटल मशीन आलं आहे. पुस्तक सांगतं: पाठ टेकलेली हवी, पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीवर, आधी पाच मिनिटं शांत बसणं, अर्धा तास चहा-तंबाखू नाही. घरात पाठीची खुर्ची नसते. मग भिंतीला टेकून पाटावर बसवायचं, हाताखाली उशी नाहीतर धान्याचा डबा. म्हातारीच्या पोलक्याची बाही इतकी घट्ट की वर सरकवली तर तीच दंड आवळते, न सरकवावी तर पट्टा कापडावर. दोन्हींत आकडा चुकतो. तोंडात मिश्री असतेच. आणि शेजारची येऊन 'किती आलं गं?' म्हणून मोजता मोजता बोलायला लावते. पाच-दहा मिनिटं थांबून दुसऱ्यांदा मोजणारी आशाताई मला एखाद्या कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या हेल्थ चेकअपपेक्षा भरवशाची वाटते. तिथे धावतपळत आलेल्याच्या दंडाला रिसेप्शनपाशीच पट्टा गुंडाळतात.

पण नुसतं मोजून आणि समजावून भागतं का? आपल्या समाजाला प्रबोधनाची फार आवड. पथनाट्य, भित्तिपत्रक, प्रभातफेरी. केरळमध्ये याची नीट परीक्षा झाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या १००७ माणसांना मतदान केंद्रांच्या ६० भागांतून निवडलं आणि निम्म्या भागांत गावातल्याच प्रशिक्षित सोबत्यांचे गट चालवले. दोन वर्षांनी गट असलेल्या भागांत १४.९ टक्के लोकांना मधुमेह झाला, नसलेल्या भागांत १७.१ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, असं संशोधकांनी २०१८ साली प्रामाणिकपणे लिहिलं. तंबाखू-दारू थोडी घटली, भाजी-फळं वाढली, ते चांगलंच. पण केवळ बोलण्याचं बळ किती, हे त्यातून समजलं.

याच्या शेजारी दुसरा प्रयोग ठेवा. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका इथल्या ३० ग्रामीण भागांत, बीपी असलेल्या २६४५ लोकांवर तो झाला आणि २०२० साली छापून आला. डॉ. ताझीन जाफर यांनी तो चालवला. नवी माणसं नेमली नाहीत. पाकिस्तानात लेडी हेल्थ वर्कर, श्रीलंकेत सरकारी सुईण, अशा आधीच असलेल्या कार्यकर्त्या तीन महिन्यांनी एकदा घरी जाऊन बीपी मोजायच्या, समजावायच्या, आणि ज्याचं वाढलेलं दिसेल त्याला सरकारी दवाखान्यात पाठवायच्या. तिथल्या डॉक्टरांनाही शिकवलेलं होतं. दोन वर्षांत वरचं बीपी बाकीच्या भागांपेक्षा सरासरी पाच अंकांनी जास्त उतरलं. पाच म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. वरचं बीपी पाचाने उतरलं तर हृदयविकार आणि लकवा यांसारख्या मोठ्या घटना दहा टक्क्यांच्या आसपास घटतात, हे अनेक चाचण्या एकत्र करून दाखवलेलं आहे. तिसरा प्रयोग कोलंबिया आणि मलेशियातला, २०१९ सालचा. तिथे डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांनी ठरलेल्या सूत्रानुसार औषधं सुचवली, डॉक्टरांची देखरेख होती, औषधं फुकट होती, आणि प्रत्येक रुग्णाने घरातलं किंवा मैत्रीतलं एक माणूस सोबती म्हणून निवडलं होतं. वर्षभरात बीपी बाकीच्यांपेक्षा अकरा अंकांनी जास्त उतरलं.

लोक वेगळे, देश वेगळे, म्हणून पाच आणि अकराची थेट तुलना करू नये, हे मला ठाऊक आहे. तरी माझं मत सांगतो. ताई आणि गोळी एकत्र पोचली की काम होतं. ताई एकटी गेली तर लोक चहा पाजतात आणि मान डोलावतात. गोळी एकटी गेली तर फळीवर पडून राहते.

आपल्याकडे हे दोन्ही एकत्र आणण्याचा गंभीर प्रयत्न म्हणजे २०१७ च्या अखेरीस सुरू झालेला भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम. पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि आपले चार जिल्हे: भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा. राज्याराज्याला ठरलेलं औषधांचं सूत्र, म्हणजे आधी कोणती गोळी, नाही उतरलं तर कोणती वाढवायची; एका वेळी महिन्याचा पुरवठा; आणि प्रत्येकाचं एक कार्ड. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती हिशोबाची पद्धत, जी क्षयरोग कार्यक्रमातून उचललेली आहे. किती लोकांना तपासलं, किती शिबिरं घेतली, हे विचारायचंच नाही. तीन महिन्यांपूर्वी नोंदलेल्यांपैकी आज किती आटोक्यात, किती आटोक्याबाहेर, आणि किती आलेच नाहीत?

'आलेच नाहीत' हा तिसरा रकाना मांडताक्षणी सगळं चित्र बदलतं. आटोक्याबाहेरच्याला डॉक्टर गोळी वाढवून देईल. न आलेल्याला डॉक्टर काय करणार? त्याच्याकडे चालत जाणारी एकच व्यक्ती गावात आहे.

आणि तो का आला नाही, हेही तिलाच कळतं. कारणं तशी ठरलेली असतात. 'बीपी नॉर्मल आलं, मग गोळी कशाला?' हे पहिलं. गोळीमुळेच ते नॉर्मल आलं हे सांगायला पाच वाक्यं लागतात, पण ती पाच वाक्यं तीनतीनदा सांगावी लागतात. दुसरं, 'एकदा लागली की सुटत नाही, शरीराला सवय लागते.' तिसरं, पाय सुजले. अॅम्लोडिपिनने काहींच्या पायावर खरोखरच सूज येते. रुग्ण घाबरून गोळी सोडतो, डॉक्टरला सांगत नाही, आणि बदलून मिळाली असती हे त्याला माहीतच नसतं. चौथं, एसटी. उपकेंद्र दूर, मजुरी बुडते, आणि गेल्यावर कळतं की आज औषध संपलंय. एकदा असा हेलपाटा पडला की माणूस दुसऱ्यांदा जात नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. पाचवं कारण कोणी बोलून दाखवत नाही: सुनेची गोळी घरात 'खर्च' समजतात. सासऱ्याची संपली तर पोरगा आणून देतो, सुनेची संपली तर संपली. आशाताईला हे न सांगता कळतं, कारण तीही कुणाची तरी सून आहे.

मधुमेहात आणखी गुंता आहे, कारण तिथे प्रश्न ताटाचा. 'गोड बंद' एवढं सांगून डॉक्टर मोकळा होतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर राजगिऱ्याचा लाडू, आणि बाई सांगते, 'आज तर काहीच खाल्लं नाही, तरी शुगर कशी वाढली?' एकादशी दुप्पट खाशी हे आपण हसत म्हणतो. शुगरवाल्याच्या बाबतीत ते लॅबच्या रिपोर्टात उतरतं. उलट बाजूही आहे. खरोखर निरंकार उपास धरला आणि ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेमाने घेतली, तर दुपारी दरदरून घाम, थरथर, बोलण्यात विसंगती. घरच्यांना वाटतं अंगात आलं. ते ओळखून आधी साखरपाणी पाजणं, मग दवाखाना गाठणं, हे ज्या गल्लीत एका बाईला येतं तिथे माणूस वाचतो. नवरात्राच्या आधी शुगरच्या प्रत्येक घरी एक चक्कर मारावी आणि उपास धरायचा तर गोळीचं डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगावं. या एका चकरेचं मोल मी वर्षभराच्या जागृती सप्ताहांपेक्षा जास्त धरतो.

आणि पाय. पंचवीस वर्षं मधुमेह असलेला शेतकरी चिखलणीत अनवाणी उभा असतो. काटा रुतला तर त्याला कळत नाही, कारण तळव्याची जाणीव गेलेली. आशाताईने महिन्यातून एकदा त्याला ओट्यावर बसवून तळवे उलटे करून पाहिले, बोटांच्या बेचक्यात पाहिलं, भेगेतून पाणी येतंय का पाहिलं, तर पुढचं कापाकापीचं संकट बऱ्याचदा टळतं. याला मशीन लागत नाही, उजेड लागतो. पण पुरुषाचे पाय हातात घेणं तिला आणि त्यालाही अवघड वाटतं, आणि जातीचा प्रश्न तिथेही डोकं वर काढतो. हे व्याख्यानात सांगायला बरं वाटत नाही, पण खोटं नाही.

आता पैशाचं बोलू. सीबॅकच्या एका फॉर्ममागे आशाताईला १० रुपये ठरलेले आहेत. निदान झालेल्या रुग्णाचा सहा महिने पाठपुरावा केला तर ५० रुपये. महिन्याला आठ रुपये आणि काही पैसे. हजार वस्तीत तिशीवरची साधारण ३७० माणसं धरतात, आणि त्यांतल्या शंभरेक जणांना बीपी किंवा शुगर निघणार. शंभर दारं, दर महिन्याला, प्रत्येकी आठ रुपयांत. फॉर्मचे पैसे एका बैठकीत सुटतात, पाठपुराव्याचे सहा महिन्यांनी, तेही वरून मंजूर झाले तर. कोणत्या कामाला आपण किंमत देतो हे यातून तिला स्वच्छ कळतं, आणि ती त्याप्रमाणे वागते. मग आपणच म्हणतो, आशा नुसते फॉर्म भरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली भारतातल्या आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. संपाच्या बातम्यांखाली 'सेवाभाव कुठे गेला' असं विचारणारे महाभाग मी वाचले आहेत. सेवाभाव मागणाऱ्याने आपला पगार किती ते आधी सांगावं. माझी मागणी साधी आहे: पैसे तिसऱ्या रकान्याला जोडा. जो येईनासा झाला होता तो परत येऊ लागला, त्याचे पैसे त्याच महिन्यात तिच्या खात्यात. बीपी उतरण्याला मात्र पैसे जोडू नका, नाहीतर आकडेच उतरतील, बीपी नाही.

'तिच्यावर आणखी किती लादणार?' हा आक्षेप रास्त आहे. एक काम वाढवायचं तर दुसरं काढावं लागेल. माझ्या यादीत पहिलं नाव दुहेरी नोंदीचं आहे: तीच माहिती आधी रजिस्टरात, मग मोबाइलवर, रेंज नसली तर रात्री घराच्या गच्चीवर. दुसरं म्हणजे आरोग्याशी संबंध नसलेली सर्वेक्षणं. दुसरा आक्षेप माझ्याच व्यवसायबंधूंचा, की हे डॉक्टरी काम बिनडॉक्टरच्या हाती जातंय. निदान आणि पहिली चिठ्ठी डॉक्टरचीच आहे आणि ती तशीच राहावी. पण वर्षाचे उरलेले ३६४ दिवस डॉक्टर कुठे असतो?

शेवटी एक असा गट, जो या सगळ्या व्यवस्थेतून निसटतो. बीडकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात, परततात ते पाडव्याच्या आगेमागे. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, फडाशेजारी कोपी. दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. गावातल्या आशाताईच्या वहीत त्यांच्या नावापुढे 'बाहेरगावी' असा शेरा पडतो. सातारा-सांगलीकडच्या आशाताईच्या हजार माणसांत ती कोपी मोजलेलीच नसते. सातारा तर पहिल्या चार जिल्ह्यांतला. तिथे सूत्र आहे, गोळ्या आहेत, कार्डं आहेत, आणि फर्लांगभर अंतरावर पस्तिशी-चाळिशीची बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढते आहे, जिची गोळी दिवाळीत संपली.

यासाठी नवा कायदा नको, नवं अॅप नको. मुकादमाकडे टोळीची यादी असते, कारण त्याने उचल दिलेली असते. आशाताईकडे बीपी-शुगरची यादी असते. दसऱ्याच्या आधी ग्रामपंचायतीत या दोन याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. जी नावं दोन्हींत असतील त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या आणि कार्ड देऊन पाठवावं, आणि कोणत्या कारखान्यावर गेले ते कार्डावर लिहून तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं. तिकडच्या आशाताईला या पाहुण्या नावांचे पैसे वेगळे मिळावेत. एखाद्या तालुक्याने येत्या हंगामात एवढं करून पाहिलं, तर पाडव्याला तिसऱ्या रकान्यात किती नावं उरली ते मोजता येईल.